कपाटाची पाठ

— नाय बाय, ते पांढरं घेऊ नको. दिसायला छान हाय, पन आत सगळा भुसा हाय, दाबून बसवलेला. इथं खाडीची हवा, एक पावसाळा गेला की टम्म फुगतं, मंग हँडल तुज्या हातात नि ड्रावर जागच्या जागी. मना इकायचंच हाय, तरी सांगते. जुनं कपाट घेताना पयलं काय बघायचं? रंग? रंग कोनीबी मारतो. खालचा ड्रावर पूर्न बाहेर काढायचा नि आत नाक घालायचं. कुबट वास आला की पुढं चालू पडायचं. मंग कपाट फिरवून पाठ बघायची. पाठ कोन बघतं? कोनच नाय. म्हनून जे काय लपवायचं ते पाठीला लपवतात. ह्या घनसोली गावात गाळा लावून बसले तवापासून हेच बघते — टावरमधली लोकं घर बदलतात, माल आमच्याकडं येतो, नि तुज्यासारख्या नवीन भाडेकरू पोरी तो उचलतात. तुजी खोली कितीशी? मंग हे उभं बघ, चार खनांचं, तुजे नि नवऱ्याचे, दोगांचेबी कपडे मावतील.

ते? ते चादरीखालचं? ते नाय इकायचं. गिऱ्हाईक लागलंय त्याला. चादर कशाला उचलतेस बाय, बोलले ना — बरं, बघितलंस तर बघ. आवडलं ना? आवडनारच. ड्रावर बघ कसा सरकतो, चॅनेल नाय काय नाय, लाकडावर लाकूड, वरनं मेन घासलंय. नाय, गिऱ्हाईक कोन नाय, खोटं कशाला बोलू. माज्या घरचंच हाय ते. म्हंजे होतं. माज्या पोरीला दिलेलं.

आमचे हे न्हावा शेव्याला यार्डात होते, गोटीराम नाव. परदेशातनं मशनी येतात ना, त्या लाकडी खोक्यात बांधून येतात, नि खोकी तोडून फेकतात. हे साहेबाला इचारून एकेक फळी आनायचे — सायकलला बांधून, पावसात स्वताचा रेनकोट फळीला घालून. माळ्यावर ढीग झाला. मी बोलायची, सरपन करू काय ह्याचं? बोलायचे, हात लावू नको, भाविकाच्या लग्नाचं कपाट हाय ते. सुतार नुसता जोडायला, रंधा ह्यांनी स्वता मारला. फक्त पाठीच्या एका फळीवरची छत्री नाय पुसली — खोक्यावर छापतात ना, पान्यापासून जपा म्हनून, ती. बोलले, राहू दे, पोरीच्या कपड्यांवर छत्री. आमच्या घरात रीत हाय, हळदीला उरलेल्या हळदीत आईनं हात बुडवायचे नि लेकीबरोबर जानाऱ्या सामानाला ठसे उठवायचे. पुढनं पॉलिश होतं, खराब होईल म्हनून मी पाठीला उठवले, छत्रीच्या दोन बाजूला दोन हात. फिरव. फिरव, बघ. हाय ना?

आता तू इचारशील, ते इथं कसं? माजा भाचा कुंदन टेंपो चालवतो, कामोठ्याच्या एका सोसायटीतनं भंगारवाल्यानं उचललेलं सामान एकगठ्ठा घेऊन आला. त्याला काय ठाऊक. मी सवयीनं पाठ फिरवली. छत्री, नि बाजूला माजेच दोन हात. कामोठ्याला दिलीय ना भाविका. मी बोलले, घरात अडचन असंल, माज्याशी बोलायला लाजली असंल. अडचन कसली? तिच्याच व्हॉट्सॲपच्या स्टेटसला फोटो — भिंतभर वार्डरोब, सरकती दारं, आरशाची, पुढं ती नि तिची ननंद हसतात. आनि ह्यांच्या बाराव्याला गळ्यात पडून रडली होती, आई, पप्पांच्या हातचं एवढंच राह्यलं, मी मरेपर्यंत सोडनार नाय. मी मागितलं होतं काय गो? एक शब्द नव्हते बोलले. स्वताच बोलली. नको होतं तर माज्या दारात आनून टाकायचं. भंगारवाल्याला दिलं, माज्या मानसाचं काम. तवापासून मना घरी बोलवत नाय — रंगकाम काढलंय, सासू झोपलीय, नंतर ये. मी कायबी बोलले नाय. बोलेल, आज नाय उद्या स्वता सांगेल. मी वाट बघते, खरं सांगते तुला, दुकान सोडून दुसरं काय करत नाय. फक्त तिनं सांगावं. मंग राग कुठं राहतो?

थांब, तिचाच फोन. बस तू.

हां बाय, बोल. जेवले. गाळ्यातच हाय, एक पोरगी आलीय कपाट बघायला. ... काय नाय गो, तिला बघून तुजी आठवन आली. भाविका, पप्पांचं कपाट बरं हाय ना? ... हां. ... कुठं ठेवलंस आता? ... खिडकीजवळ. बरं. साड्या त्याच्यातच? ... कापूर घालतेस. हां, कसर लागत नाय. ... नाय गो, सहज इचारलं. काय सांगायचं असंल तर सांग हां मना, मी काय ओरडत नाय. ... काय? ... समोरच हाय तुज्या? आत्ता? पुसतेस. बरं. पुस, पुस. ठेवते.

ऐकलंस ना. पुसतेय बोलली.

तुजा नवरा कधी येतो कामावरनं? नाय, म्हंजे दोन मानसं लागतात उचलायला. हेच घेऊन जा. द्यायचं ते दे, नंतर दे. कुंदन, टेंपो लाव रे. थांब, तेवढं ते फडकं दे इकडं, पाठ पुसून देते. दुसऱ्याच्या घरी असे कोनाच्या हाताचे ठसे घेऊन जाऊ नये. ...

नाय निघत. हळद हाय, लाकडात मुरलीय.

राहू दे बाय. भिंतीला लावलंस की दिसनार नाय कोनाला. जा आता, मना शटर ओढायचंय.