पोळ्याची आंघोळ

सेहेचाळीस सालचा पोळा होऊन चारच दिवस झाले होते. हिंगोली स्टेशनावर इब्राहीम गाडीची वाट पाहत बसला होता, आणि त्याच्या पाठीमागच्या बाकावर दोघांचं बोलणं चाललं होतं.

"तातेराव, हैदराबादेला काहून निघाले?"

"औंदा लहान टॅक्टर घेतला ना, त्याचा पुर्जा आणाया. बाबानं पोळ्याला आंघोळ घातली त्याला."

"टॅक्टरला?"

"व्हय, बैलासारखी. घागरीवर घागरी ओतल्या. ठिणगीच्या डब्यात पाणी गेलं आन् मशीन बंद पडलं."

"म्हाताऱ्या माणसाला काय ठाऊक!"

"आता मलाबी तेच वाटून राहिलं. पर तवा साऱ्या गावासमोर वराडलो, इचारल्याबिगर माझ्या कशालाच हात लावायचा न्हाई."

"मग?"

"बाबानं टॅक्टरवर घालाया आणलेली झूल घडी करून ठेवली. म्हणून सोबत घेतलंय, हैदराबाद दाखवतो."

"कुठं हायेत?"

"नळावर गेलेत."

"पुर्जा भेटंल हो."

"पुर्जा भेटंल."

तेवढ्यात एक म्हातारा रिकाम्या हातानं परत आला आणि बाकापासून हातभर लांब उभा राहिला.

"नळाला पाणी आलंय. तातेराव, तुमच्या तांब्याला हात लावू का?"