पाहिली म्हणालो ती प्लेट

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या रुग्णालय मंडळाच्या प्रमुख माननीय ग्लेनिस हार्कोर्टबाई, पुरात बुडालेला महामार्ग वळसा घालून ब्रिस्बेनहून इथवर पोचलेले प्राध्यापक ऑल्विन स्टेबल्स, समोर बसलेली माझी वडीलधारी, बरोबरीची आणि नाइलाजाने माझ्या हाताखाली काम करणारी मंडळी, पहिल्या रांगेतले क्लॅरी ट्रेवेथन, आणि व्यासपीठावरची ती तिसरी खुर्ची, जिच्यावर आज कुणी बसायचं नाही असं ठरलंय. सगळ्यांना माझा मनःपूर्वक नमस्कार.

निरोपाच्या भाषणाचा एक फायदा असतो. ज्याचं कौतुक चाललंय तो समोर बसलेला असतो, त्यामुळे वक्ता फार फेकत नाही. आज ती सोय नाही. नोरीनबाई ट्रेवेथन या सभागृहापासून चार मजले वर, अतिदक्षता विभागात, यंत्राच्या जोरावर श्वास घेताहेत. आज नववा दिवस. कार्यक्रम पुढे ढकलावा असं मी दोनदा म्हणालो. त्यांचे यजमान क्लॅरी दोन्ही वेळा म्हणाले, खाणं तिने स्वतः ठरवलंय, ते वाया गेलेलं तिला चालायचं नाही. ज्यांना नोरीनबाई माहीत आहेत त्यांनी पुढे वाद घातला नाही.

पोर्ट हॅलोरनच्या या प्रयोगशाळेत त्यांनी चव्वेचाळीस वर्षं काढली. पदवी साधी, पद तंत्रज्ञाचं. दर पावसाळ्यात पूर ओसरला की त्या क्लॅरींची जुनी गाडी काढायच्या आणि लोकांच्या परसातली माती गोळा करत हिंडायच्या. त्या मातीत आपल्या गावचा तो जंतू राहतो. त्याच्या आजाराला डॉक्टर मेलिओइडोसिस म्हणतात. नोरीनबाई जंतूला 'भाडेकरू' म्हणायच्या, कारण तो अंगात शिरला की कधी चार दिवसांत घर जाळतो, तर कधी वीस वर्षं गुपचूप पडून राहतो. कुणाच्या परसात तो किती आहे याच्या त्यांच्या वह्या एक कपाटभर आहेत. प्राध्यापक स्टेबल्स, तुमच्या किती शोधनिबंधांत ही माती आहे? मी मोजलंय, म्हणून विचारतो. तेवीस. माझा एक निबंध धरला तर चोवीस. त्या चोवीसांत नोरीनबाईंचं नाव शेवटच्या आभारांत आहे, फोटोकॉपीवाल्याच्या जरा वर. लेखकांच्या यादीत एकदाही नाही. हे आज निरोपाच्या दिवशी आठवावं ही आपल्या सगळ्यांच्या विद्वत्तेची थोरवी.

मला त्यांनीच घडवलं. मी डॉक्टरेट मिरवत इथे आलो तेव्हा मला भाडेकरू ओळखता येत नव्हता. प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या त्या खळीच्या बशीत, पहिल्या दिवशी तो अगदी साळसूद दिसतो. हवेतून चुकून पडलेला कचरा समजून जगभरच्या प्रयोगशाळा त्याला फेकून देतात. तिसऱ्या दिवशी तो वाळतो, सुरकुततो आणि मग खरं रूप दाखवतो. त्यांनी मला एकच नियम शिकवला. इथे, पावसाळ्यात, रक्तातून अनोळखी काही उगवलं तर आधी तोच आहे असं धरायचं, आणि तो नाही हे सिद्ध झाल्यावरच झोपायला जायचं. जुन्या लोकांची आणखी एक खोड त्यांना होती. त्या प्लेटचं झाकण उचलून वास घ्यायच्या. वासावरून त्यांनी सांगितलेलं नाव मी कधी चुकलेलं पाहिलं नाही.

मी प्रमुख झाल्यावर वास घेण्यावर बंदी घातली. लेखी, माझ्या सहीने, भिंतीवर. ते बरोबरच होतं. असल्या जंतूचा वास घेणं म्हणजे आगीत हात घालणं. त्यांनी नोटीस वाचली आणि म्हणाल्या, "बरं झालं लावलीस. आता वास नाही, तर निदान डोळे तरी वापरा." मग मी नवं यंत्र आणलं. त्यात जंतूचा ठिपका ठेवला की पाच मिनिटांत पडद्यावर नाव येतं. त्यांची तीन दिवसांची खास प्लेट मी बंद केली. त्या भांडल्या. मी म्हणालो, नोरीनबाई, काळाबरोबर चालावं लागतं.

आता मघाचं मानपत्र. अध्यक्षांनी ते फार आपुलकीने वाचलं. डॉक्टर कॅमरन व्हीटली यांनी, म्हणजे मी, दक्षतेने रोगनिदान केलं, म्हणून आपल्या सहकारिणीला उपचाराची संधी मिळाली. काचेची ती सुंदर ढालही टेबलावर आहे. टाळ्या तुम्ही वाजवल्यात, आणि सगळ्यांत मोठ्याने क्लॅरींनी वाजवल्या. नऊ दिवस ते मला वऱ्हांड्यात गाठून माझे आभार मानताहेत. तिसऱ्याच दिवशी त्यांनी घरच्या आंब्यांची पेटी माझ्या दारात ठेवली. मी ती आत घेतली. मला ते आंबे खाता आले नाहीत आणि परतही देता आले नाहीत. ते तसेच सडले.

आतापर्यंत मी नोरीनबाई म्हणत आलो, सभेची रीत म्हणून. कामाच्या टेबलापाशी ती नोरीन होती आणि मी कॅम होतो. पुढचं मला तसंच सांगू दे.

पुराचं पाणी उतरल्यावर नोरीनने परसातलं तुंबलेलं गटार हाताने मोकळं केलं. जी बाई सगळ्या गावाला हातमोजे घाला म्हणून ओरडायची, तिने घातले नव्हते. तिला मधुमेह आहे. शनिवारी ताप आणि खोकला घेऊन ती इथे दाखल झाली आणि तिला साध्या न्यूमोनियाचं औषध सुरू झालं. सोमवारी तिच्या रक्तातून काहीतरी उगवलं. ते माझ्या यंत्रात गेलं. यंत्राने भाडेकरूच्या एका निरुपद्रवी चुलतभावाचं नाव दिलं, कारण भाडेकरूचं नाव त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मी पडद्यावर वाचलं, वॉर्डला कळवलं की काळजीचं नाही, बाहेरून मिसळलेलं दिसतंय, पुन्हा रक्त पाठवा. चिठ्ठीवर नाव होतं. हे रक्त नोरीनचं आहे हे मला माहीत होतं.

मंगळवारी सकाळी तिने पलंगावरून मला फोन केला. धाप लागत होती.

"कॅम, माझी प्लेट पाहिलीस?"

मी म्हणालो, "पाहिली."

"डोळ्यांनी?"

मी म्हणालो, "पाहिली गं नोरीन. आता तू आराम कर."

ती मग म्हणाली, "बरं. तू पाहिलीस ना, मग झालं." आणि तिने फोन ठेवला.

मी पाहिली नव्हती. प्लेट माझ्या खोलीपासून वीस पावलांवर होती. मी कुठल्या मोठ्या कामात होतो म्हणता? तपासणी समितीसाठी फाइलींना रंगीत चिठ्ठ्या लावत होतो. आणि खरं सांगायचं तर मला राग आला होता. पन्नाशीला आलो, केस पिकले, तरी ही बाई माझा गृहपाठ तपासते, असं वाटलं. तेवढ्या एका रागापायी मी वीस पावलं चाललो नाही.

बुधवारी दुपारी वॉर्डातून निरोप आला की ती बोलत नाही, रक्तदाब पडतोय. तेव्हा मी धावलो. प्लेट लाल बादलीत गेली होती, संध्याकाळच्या वाफेच्या भट्टीसाठी. मी बादलीत हात घातला. सुरकुतलेली, वाळलेली, आंधळ्यालाही कळेल अशी वाढ होती. तरी मी झाकण उचललं आणि वास घेतला. माझीच नोटीस माझ्या डोक्यावर होती. पूर ओसरल्यावर घराखाली जो गाळ राहतो, तसा वास आला. औषध त्याच तासाला बदललं. संध्याकाळी तिच्या घशात नळी गेली. अहवालात लिहिलं गेलं ते खरं आहे, बुधवारी दुपारी डॉक्टर व्हीटली यांनी जंतू ओळखला. मंगळवारचा फोन अहवालात नाही. तो फक्त तिला आणि मला माहीत होता, आणि नऊ दिवस मी या गोष्टीचा आधार घेत आलो की ती बोलू शकत नाही. माणूस किती खाली जातो, हे मला सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसलं.

प्राध्यापक स्टेबल्स, काल मी तुम्हाला विचारलं की दोन दिवसांनी खरंच फरक पडला असेल का. तीस वर्षं तुम्ही हेच शोधताय, एकाचं शरीर या जंतूला पुरून उरतं आणि दुसऱ्याचं का नाही. तुम्ही म्हणालात, पहिल्या दिवशी औषध मिळून मेलेलेही पाहिलेत आणि पाचव्या दिवशी मिळून घरी चालत गेलेलेही पाहिलेत, माहीत नाही. तुम्ही मायेने म्हणालात. पण मला त्या 'माहीत नाही'च्या आड लपता येत नाही. ती आज वाचेल की नाही हे वरच्या डॉक्टरांनाही सांगता येत नाहीये. सकाळी त्यांनी क्लॅरींना सांगितलं की आता मूत्रपिंडंही थकलीत.

क्लॅरी, तुमच्याकडे बघून बोलायचं मी ठरवलं होतं, पण मला ते जमत नाहीये. तुम्ही ज्याचे आभार मानताय तो तुमच्या बायकोशी खोटं बोललाय. तिने जन्मभर कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, स्वतः बघितल्याशिवाय. एकदाच ठेवला, तो माझ्यावर.

अध्यक्ष महोदया, ढाल मी घेणार नाही. मंगळवारच्या फोनची हकीकत मी लिहून सकाळी तुमच्या कार्यालयात दिली आहे, राजीनामा सोबत जोडला आहे. बंद केलेली तीन दिवसांची प्लेट आजपासून पुन्हा सुरू झाली आहे. माझ्या सहीचा तो शेवटचा हुकूम.

आयोजकांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ शांत बसल्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान कमी-जास्त झाला असेल, तेवढं पोटात घाला. बाकीचं पोटात घालायला मी सांगत नाही. तो अधिकार या सभागृहात कुणाचा नाही, क्लॅरी, तुमचाही नाही. ज्या बाईचा आहे, तिला आज बोलता येत नाही. मी आता वर जातोय. तुम्ही आत येऊ दिलंत तर तिच्या कानाशी बोलेन की नोरीन, मी पाहिली नव्हती. नाही येऊ दिलंत, तर दाराबाहेर बसून राहीन.