दोनशे बारा वेळा तीन टिंबं

...नाही, पण मला आधी सांगायला नको? घडी घातलेला मजकूर तीन टिंबांत बसतो, हे चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेल्या माणसाला कुठून कळणार? तुम्हाला सांगतो, टिंबांशी माझं जुनं वैर. लेखक मंडळींना पुढचं सुचलं नाही की देतात तीन टिंबं ठोकून, आणि मी ती उडवतो. आजवर एकानंही तक्रार केलेली नाही. टिंबात काय असतं, सांगा बरं!

तर आमच्या शैलाचं पाककृतींचं पुस्तक. दोनशे बारा पदार्थ, दोन वर्षं रोज दुपारी बसून तिनं थेट कॉम्प्युटरवर टाइप केलेले. सूनबाई ऋचा हिंजवडीला आयटीत, तिनंच तो प्रोग्रॅम घालून दिला. "आई, मथळ्यावर येऊन टॅब दाबलं की खालची कृती फोल्ड होते, परत दाबलं की उघडते, म्हणजे सगळी यादी एका नजरेत दिसते." हे शैलाला सांगितलं. मला नाही. मी काय, घरातला रिकामटेकडा!

सोमवारी फाइल प्रकाशकाकडे द्यायची. शैला धायरीला बहिणीकडे गेलेली. म्हटलं, आपण एक शेवटचा हात फिरवू, बायकोच्या पुस्तकात चूक राहिली तर लोक मला हसतील. उघडली फाइल. बघतो तर भरलं वांगं आणि पुढे तीन टिंबं, अळूचं फदफदं आणि तीन टिंबं, खाली एक अक्षर नाही... मला वाटलं ही नुसती अनुक्रमणिका, कृती दुसऱ्या फाइलीत असतील. मग अनुक्रमणिकेत टिंबं कशाला? फदफदं काय अर्धवट राहिलंय? हात शिवशिवले हो! बसलो. एकेक उडवलं, दोनशे बारा वेळा, तीन तास, मध्ये चहासुद्धा घेतला नाही. टिंबात काय असतं, सांगा बरं! फाइल सेव्ह केली, आणि पेनड्राइव्हवर जुनी प्रत होती ती अशुद्ध म्हणून पुसून तिथेही हीच चढवली. शिस्त म्हणजे शिस्त.

संध्याकाळी ऋचानं टॅब दाबलं. परत दाबलं. मग माझ्याकडे न बघता अगदी हळू विचारलं, "बाबा, इथे टिंबं होती ना?"

मी अभिमानानं सांगितलं, होती.

तिनं ऑफिसातल्या दोघांना फोन केले, पेनड्राइव्ह तपासला, शेवटी नकारार्थी मान हलवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टिंबात काय असतं म्हणे... त्यांच्यात घडी घातलेल्या सगळ्या कृती होत्या, शैलाच्या दोन वर्षांच्या दुपारी होत्या, मी तीन तासांत खोडल्या. शैला आली, तिनं ऐकलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं शांतपणे प्रकाशकाकडून सहा महिने मागून घेतले आणि मला म्हणाली, "परत लिहायचंच आहे तर एक फायदा होईल. नवख्याला माझी कृती कळते का, तेही बघू. मी सांगते तसं तुम्ही करायचं. जमलं की टाइप करायचं."

करायचं म्हणजे स्वयंपाक! कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीला पंधरवड्यात कळलं. वास येतो ना, करपल्याचा.

सध्या सत्ताविसावा पदार्थ चालू आहे, सुरळीच्या वड्या. काल तीनदा केल्या. तिसऱ्या खेपेला शैलानं एक वडी तोंडात टाकली, नीट चावली आणि म्हणाली, "कृतीत चूक नाहीये. तुमच्यात आहे. पुन्हा."

याच्यापुढे अजून एकशे पंच्याऐंशी आहेत... चला, बेसन संपलंय, तेवढं घेऊन येतो.