अपेक्षित पगार

सिनेमाच्या डिग्रीसाठी मुलाला कर्ज हवं होतं. फॉर्म स्वतःच्या हाताने भरून श्यामसुंदर ऐरोलीच्या बँकेत रांगेला लागला होता. त्याच्या पुढे वाशी मार्केटातला एक माथाडी, लेकीला घेऊन उभा.

"बारा लाख भरून सिनेमाच शिकायचा म्हन्तीस. सुटल्यावर पगार किती, सुनयना?"

"सुरुवातीला साउंडवाल्याच्या हाताखाली पंधरा हजार. तेही काम असेल त्या महिन्यात."

"आन हप्ता?"

"सोळा हजार."

"फॉर्मात पगार किती लिवलास?"

"पंधराच."

"येडी हायस का? पन्नास लिव. बँकवाला काय बघाय येतोय?"

"आबा, पन्नासचा मार्का मारलेली गोण साठ किलोची निघाली, तर तुमी काय करता?"

"शिव्या घालतो. मार्का काय बी असू दे, पाठीला खरं वजन कळतंय."

"मग हे हप्ते कुणाच्या पाठीवर येणार?"

रांग एक पाऊल पुढे सरकली.

"पंधराच ऱ्हाऊ दे. माजी सही कुठं करायची, दाव."

श्यामसुंदरने आपल्या फॉर्मवरचा ऐंशी हजारांचा आकडा अंगठ्याने झाकला.