यादीतनं काय काय काढायचं

न्हाय न्हाय मालक, तुम्ही नुसती यादी वाचू नका, मी काय सांगतोय ते ऐका — यादी आमच्या क्रांतीनं केलीय, माझ्या बायकोनं, आणि तिला खर्चाचं भान न्हाय, म्हणून तर मी स्वतः आलोय. वर तुमच्या दुकानाचं नाव लिहिलंय बघा, म्हणून इथंच आलो. तीन महिनं फ्रिजवर चिकटवून ठेवलती ही यादी — येता-जाता माझ्या नजरंला पडावी म्हणून! मी म्हणालतो, बघू. मग आज म्हटलं, ती मलकापूरला माहेरी गेलीय, तिच्या आईचं गुडघं धरल्यात, तर तोवर कॉम्प्युटर जोडून घ्यावा आणि ती आली की टेबलावर तयार — काय? खूश व्हायला पाहिजे का न्हाय? व्हायलाच पाहिजे की. कसलं काम? ॲनिमेशन हो. पोरांची कार्टून. हैदराबादची कंपनी हाय एक, त्यांच्यासाठी घरबसल्या ससा हलवती. खोटं न्हाय सांगत! सकाळी दहाला बसती, आणि सांजच्याला विचारलं की काय केलंस दिवसभर, तर म्हणती, सशानं आज मान वळवली. एवढंच! आमची आई म्हणती, खरा ससा पाळला असता तर एव्हाना सगळी गल्ली फिरून आला असता.

तर घ्या, लिहून घ्या. रॅम — तिनं चौसष्ट लिहिलीय, तुम्ही सोळा बसवा. मान हलवू नका मालक, मी दोन दिवस यूट्यूबवर हेच बघतोय, सोळात जग चालतंय. आता ग्राफिक्स कार्ड — ह्याच्याखाली दोन रेघा मारल्यात तिनं, दोन! गेम खेळणाऱ्यांना लागतंय ते, सशाला कशाला? सगळ्यांत धाकटं असंल ते द्या. यूपीएस — फुली. पाच-दहा मिनिटं लाईट जाती, जाऊ दे की, तेवढंच डोळं मिटून बसंल. स्क्रीन रंग खरे दाखवणारा पाहिजे म्हणती — आता सशाचा रंग पांढरा, त्यात खरा आणि खोटा काय असणार? तो तिथला मोठा द्या, वाकडा हाय तो, मॅच बघायला बरा. आणि हे सगळं वाचवून जे उरंल त्यात ते कॅबिनेट — न्हाय, ते काळं न्हाय, ते काचेचं, सात पंख्यांचं, लाईटी बदलतात ते. हिनं लिहिलंय, साधं असावं, हवा खेळती पाहिजे. हवा कुणाला दिसती हो? कॉम्प्युटर हॉलमधी असतो आमचा, टीव्हीशेजारी, चार पावणं येतात-जातात. आधी ती आतल्या खोलीत दार लावून बसायची, मीच बाहेर आणलं टेबल. म्हटलं, एकटी पडायला नको.

मी? मी प्लॉटचं बघतो. सध्या मार्केट थंड हाय — दोन वरसं झाली, थंडच हाय. पण हे कार्ड ठेवा, राहू दे तुमच्याकडं — ‘क्रांती ॲनिमेशन स्टुडिओ, संचालक राजवीर’. ससा ती हलवती, बाकीचं सगळं मी बघतो. बाकीचं म्हणजे — आता बाकीचं म्हणजे बाकीचं, सगळंच सांगत बसत न्हाय. पैसे हायत, त्याची काळजी नको. हायत तिचेच, पण माझ्या खात्यावर येतात, तिच्या डोक्याला ताप नको म्हणून. तसं गेलं चार महिनं जरा कमी येतंय, कंपनीत मंदी आलीय म्हणे, पार निम्म्यावर. काम दुप्पट आणि पैसा निम्मा! मी म्हणालो, सोड असली कंपनी. तर नुसती हसली.

जुन्याला काय झालं? काय न्हाय हो, म्हातारं झालतं. आणि — आता तुम्हाला म्हणून सांगतो, झालं असं, मे महिना, बाहेर नुसती आग. ही गेलती बँकेत. कॉम्प्युटर आपला चालूच. तिच्या कामात असतंय म्हणे तसं, सगळी चित्रं जोडून पिक्चर तयार होतंय, त्याला दोन-दोन दिवस लागतात आणि तोवर मशीनला हात लावायचा न्हाय. चिठ्ठी लावलती तिनं, ‘बंद करू नये’. मी वाचलती की! न वाचायला काय झालं? पण आई म्हणाली, हॉल तापलाय, त्याचा आवाज डोक्यात जातोय, एकटंच कशाला घुमतंय ते? मीबी म्हटलं, माणूस न्हाय समोर, कशाला चालू पाहिजे? आणि जरा — खरं सांगू? — त्या दिवशी ती जाताना म्हणालती, जरा लक्ष ठेव, उद्या कंपनीला द्यायचंय. लक्ष ठेव म्हणजे? मी काय तिचा वॉचमन हाय? संचालक हाय मी. काढला खटका. परत लावला तर लागंना झालाय. दोन दिवसांचं काम गेलं म्हणाली — न्हाय, म्हणाली न्हाय, ते मला मागनं कळलं. ती आली, बघितलं, चिठ्ठी काढली, घडी घालून पर्समधी ठेवली आणि आत जाऊन भाकरी थापायला लागली. मला वाटलं, मिटलं. आणि खरंच, त्या दिवसापासनं भांडायचीच बंद झालीय बघा. बहिणीचा लॅपटॉप आणला, त्यावर करती आपली गपगुमान. समजूतदार हाय. आता मलकापूरला जातानाबी ती चित्रं काढायची पाटी घेऊन गेली, लॅपटॉप घेऊन गेली, दोन बॅगा भरून. म्हटलं, गुडघं आईचं दुखत्यात आणि एवढं सामान कशाला? तर म्हणाली, लागंल.

बरं, बिल हिच्याच नावानं करा. जीएसटी नंबर हाय तिचा, मीच काढून दिलाय. फोन कशाला करायचा तिला? न्हाय न्हाय, गंमत जाईल सगळी. मोबाईल नंबर सांगतो, घाला — घातलासा? काय झालं? थांबलासा का? नाव हाय आधीच? असंल की दुसरी कोण क्रांती — नंबर तोच? मंगळवारी? न्हाय हो, मंगळवारी ती मलकापुरात, आईचं गुडघं — स्वतः आलती? इथं? ह्याच खुर्चीवर?

चौसष्ट. बरं. आणि कार्ड ते मोठं, व्हय. यूपीएसबी. म्हणजे एक अक्षर न काढता. पैसे? सगळे भरले? आणि पोचवायचा पत्ता — इथलीच, राजारामपुरी? राजारामपुरीत आमचं कोण न्हाय.

व्हय, व्हय व्हय, आत्ता ध्यानात आलं! बोलणं झालतं आमचं. मीच म्हणालतो तिला, घरात गजबज असती, स्टुडिओसाठी वेगळी जागा बघ — माझ्याच डोक्यातनं गेलं बघा, ह्या प्लॉटच्या गडबडीत. असं बघू नका, खरंच झालतं बोलणं. हे माझं बिल राहू दे, फाडून टाका. ते कॅबिनेटबी ठेवा जाग्यावर. आणि ते — कितवी गल्ली म्हणालासा? न्हाय, ठाऊक हाय मला, ठाऊक हाय की, आपलं खात्रीला विचारतोय.

मालक? स्क्रीन तिकडं का वळवलासा?