किसनरावची लाईन

...नाही, पण एका शब्दाले माणसानं राबवावं तरी किती? बैलालेही दुपारी सोडतो आपण. पण हा 'लाईन' नावाचा इंग्रजी शब्द, तुमाले सांगतो, आमच्या राळेगाव तालुक्यात त्याले सुट्टीच नाही. बँकेत गेलं तं लाईनीत उभे राहा, पोरगं बिघडलं तं लाईनवर आना, फोन लागला नाही तं लाईन बिझी, पोरीच्या मागं फिरलं तं लाईन मारून राह्यला, आन वावरातली मोटर बंद पडली तं लाईन गेली... आता एवढ्या लाईनीतून किसनरावनं एक उचलली, न ती नेमकी भलतीच निघाली, तं सांगा राजेहो, याच्यात किसनरावचं काय चुकलं?

किसनराव म्हंजे आमचे शेजारी. कपाशीचं वावर, सरळ माणूस. त्याइची पोरगी निकिता यवतमाळले कॉलेजात इंग्रजी शिकवते. तिथंच पियूष नावाचा पोरगा गणित शिकवते. दोघाइचं जमलेलं, फक्त मोठ्या माणसाइनं हो म्हणाचं बाकी. पियूषचे वडील यज्ञेश्वरराव, सारा जन्म ऑफिसात गेलेला, बोलणं कसं इस्त्री केलेलं. त्याइनं ओळख करून घ्याले फोन लावला, आन कधी लावला? किसनराव वावरात, मोटर बंद, कपाशी सुकून राह्यली, वारा असा का कानात नुसती फडफड. तिकडून मऊ आवाज आला, "नमस्कार. मुलीची लाईन कोणती?"

मुलगी गेली वाऱ्यावर, कानात राह्यली फक्त लाईन.

"लाईनचं काही इचारू नका साहेब," किसनराव म्हणाले, "एक हप्ता दिवसाची, एक हप्ता रातची. सध्या रातची चालू हाये. बारा वाजता येते, पाहाटे जाते."

 मंग तिकडून अगदी बारीक आवाजात, "आणि... तुम्ही काही बोलत नाही?"

"कोणाले बोलता? वायरमनले फोन केला का थो म्हन्ते, तुमी झोपा, मी सोडतो बरोबर."

फोन कटला. किसनराव खूश. घरी येऊन बायकोले, इंदूबाईले म्हणाले, व्याही लाख माणूस हाये, पहिल्याच बोलण्यात आपल्या ओलिताची चौकशी केली. आता सांगा, याच्यात किसनरावचं काय चुकलं?

संध्याकाळी निकिताचा फोन आला. पियूषच्या घरी विषय बंद झाला होता, न कायले झाला ते कोणी सांगत नव्हतं. तिनं बापाले खोदून खोदून इचारलं, आन वायरमनपर्यंत आल्यावर कपाळावर हात मारला. किसनरावच्या ध्यानात आलं तसा त्याइच्या हातातला घास हातातच राह्यला. पोरीचं जमलेलं आपल्या तोंडानं मोडलं, हे काही त्याइच्या गळ्याखाली उतरेना. इंदूबाई म्हणे, जेवा तं खरं, पण माणूस उठून अंगणात जाऊन बसला.

रविवारी निकितानं बापाले घेऊन पियूषचं घर गाठलं. यज्ञेश्वरराव सोफ्याच्या टोकावर, पियूषची आई रजनीबाई दारात. निकिता म्हणाली, "काका, माझी लाईन इंग्रजीची. रात्री येते ती मोटरची."

यज्ञेश्वरराव आधी समजले नाही. मंग समजले. मंग असे हासले का चष्मा काढून पुसा लागला. म्हणे, मी इतके दिवस त्या वायरमनला मनातल्या मनात काय काय बोललो! आन मंग त्याइनंच इचारलं, का एका शब्दाचे इतके अर्थ झाले कसे?

निकितानं सांगतलं, का मूळ शब्द ल्याटिनमधला, जवसाचा. जवसाच्या झाडाचा धागा काढत, तो धागा म्हंजे लाईन. धागा ताणला का सरळ रेघ पडते, तीही लाईन. रेघेवर माणसं उभी केली का रांग झाली, लोखंड टाकलं का रेल्वे, न तार ओढली का वीज.

किसनराव इतक्या वेळचे खाली मान घालून होते, ते सरळ बसले.

"जवस? आपल्या धुऱ्या-बांधावरचं? म्हंजे साहेब, थिकडं शिकून इंग्रजी झालं, पण हाये तं वावरातलंच."

झालं, लग्न ठरलं. पण किसनरावनं धसकाच घेतला. पुन्हा तोंडातून तो शब्द काढाचा नाही. साखरपुड्याले व्याह्याकडचे सारे आमच्या गावात जमलेले, आन ऐन वेळी पंखे थांबले. किसनरावनं सगळ्याइच्या देखत फोन लावला, न अगदी शुद्ध बोलले, "हॅलो, आमच्याइथली वीज गेली."

वायरमन घाबरला. "वीज? कोठं पडली, किसनभाऊ? जनावरं वाचली ना?"

आता सांगा राजेहो, याच्यात तरी किसनरावचं काय चुकलं? ते समजावून राह्यले, का पडली नाही, गेली, वायरमन म्हणे पंचनामा कराले तलाठ्याले बोलावू का... शेवटी यज्ञेश्वररावनं फोन हातातून घेतला, इस्त्रीचं बोलणं बाजूले ठेवलं, न म्हणाले, "लाईन गेली हो, लाईन."

पंखे फिरले. किसनरावनं घाम पुसला, न इंदूबाईले हळूच म्हणाले, "जाऊ दे. आता पुढचे सारे फोन व्याह्याइलेच करू दे."