रविवारी उलटं

डोळ्यांत थेंब घालून नर्सने शिंपीणबाईंना बाकावर बसवलं आणि हाक मारेपर्यंत डोळे मिटून ठेवायला बजावलं. शेजारी कोण येऊन बसलं, ते त्यांना नुसतं ऐकू येत होतं.

"आजोबा, रविवारी चर्चमध्ये तुझं दृढीकरण आहे. पवित्र आत्म्याची सात दानं म्हण."

"ज्ञान, समज, सल्ला, धैर्य, विद्या, भक्ती. झाली."

"देवाचं भय राहिलं. रोज तेच विसरतोस."

"उभं आयुष्य तुझ्या आजीला घाबरण्यात गेलं. देवाला घाबरायला सवड कुठे मिळाली?"

शिंपीणबाईंनी ओठ दाबून धरले. हसलं असतं तर थेंब बाहेर आले असते.

"बिशपना हेच सांगणार आहेस?"

"लहानपणी राहून गेलं ते गेलं. आता पोराटोरांच्या रांगेत मी उभा, आणि धर्ममाता कोण, तर माझीच नात. लोक काय म्हणतील?"

"फादरना चालतंय ना? बिशप तुझ्या कपाळाला तेल लावतील, तेव्हा मी मागे उभी राहून तुझ्या खांद्यावर हात ठेवायचा. एवढंच."

"आणि मी थरथरलो तर?"

"तर मला कळेल. बाकी कुणाला नाही."

नर्सने आजोबांना आत बोलावलं.

"चल, खांदा दे. दिसत नाही मेलं काही."

"घे. रविवारी फक्त उलटं."

"मी फार दाबतो का गं?"

"पायरी आली की दाबतोस."

"मग तेल लावताना तूही दाब."